चोवीस घरे आणि एक ओव्हन: नाताळच्या घरगुती खाऊभेटींचे एक प्रकरण

ज्या कुटुंबाचे हे प्रकरण आहे ते मध्यम उत्पन्नाचे, चार माणसांचे कुटुंब आहे: पती, पत्नी, शाळेत जाणारी मुलगी आणि सासूबाई. नाताळात शेजारी, नातेवाईक, मुलीच्या शिक्षिका आणि कार्यालयातील सहकारी मिळून चोवीस घरी काही ना काही भेट पोहोचवायची, हा त्यांचा अनेक वर्षांचा परिपाठ. त्या वर्षी पतीच्या जादा कामाचे पैसे बंद झाले आणि भेटींसाठी बाजूला काढता येणारी रक्कम निम्म्यावर आली. यादीतून एकही नाव गाळायला कोणाचे मन होईना, तेव्हा या वेळी विकतची भेट न देता खायचे काहीतरी घरीच करून द्यावे असे ठरले. घरात एक मध्यम आकाराचा ओव्हन होता, ओट्यावर दोन पातेली शेजारी शेजारी मावतील एवढी जागा होती आणि नाताळापर्यंत तीन शनिवार-रविवार हाताशी होते. घरगुती खाद्यपदार्थांचे वर्ग मी घेत असल्यामुळे त्या गृहिणीने आपला बेत मला दाखवला आणि तिथून पुढचे सगळे मला जवळून पाहता आले.

घरी केलेला खाऊ स्वस्त पडतो हे सगळेच गृहीत धरतात, पण तो नेमका कशामुळे स्वस्त पडतो याचा विचार सहसा होत नाही. साहित्य स्वस्त घेतल्याने फारसे काही वाचत नाही. पदार्थ किती दिवस चांगला राहतो, एका खेपेत किती निघतो आणि त्यातला किती वाया जातो यावर सगळा हिशेब ठरतो, आणि या प्रकरणात ते अगदी स्पष्टपणे दिसून आले.

पहिला बेत

गृहिणीच्या मनात कप्प्यांची एक सुरेख पेटी होती. तिच्यात लोण्याची शॉर्टब्रेड बिस्किटे, मध घातलेली आल्याची बिस्किटे, मऊ कॅरॅमल, बर्फीसारखा फज, ताज्या क्रीमचे चॉकलेट ट्रफल आणि शेंगदाण्यांची चिक्कीसारखी कडक ब्रिटल असे सहा पदार्थ जायचे होते. यादीतील एका वृद्ध गृहस्थांना मधुमेह असल्यामुळे त्यांच्यासाठी लसूण आणि सुक्या मिरच्या घातलेल्या तेलाची नक्षीदार बाटली योजली होती. कागदावर हा बेत फार देखणा वाटत होता आणि त्यामागची माया खरी होती, म्हणून तो एकदम मोडीत काढण्याऐवजी ट्रफल वगळून बाकीच्या पाच पदार्थांची एक नमुना पेटी भरावी आणि ती पाच दिवस बंद ठेवून मग उघडावी, असे मी सुचवले.

पाच दिवसांनी पेटी उघडली तेव्हा ब्रिटलचे तुकडे एकमेकांना चिकटले होते आणि त्यांच्या कडांवर चकचकीत ओलसर थर आला होता. आल्याचे बिस्किट मोडताना आवाज होईना. ते नुसते वाकले. शॉर्टब्रेड वरून जसेच्या तसे दिसत होते, पण चावल्यावर त्याची खुसखुशी गेलेली होती आणि लोण्याऐवजी सुंठ-लवंगेची चव जिभेवर येत होती. कॅरॅमल मात्र भरताना होते त्यापेक्षा थोडे घट्ट झाले होते. सासूबाईंनी एक एक तुकडा बोटांनी दाबून पाहिला आणि म्हणाल्या, “अगं, सगळं सादळलंय. ओलं नि कोरडं एकत्र ठेवलं की असंच होणार.”

त्यांचे निदान अचूक होते. पदार्थात एकूण पाणी किती आहे यापेक्षा त्यातले किती पाणी मोकळे आहे, म्हणजे साखरेने, मिठाने किंवा पिठाने बांधून ठेवलेले नाही, याला महत्त्व असते. हे मोकळे पाणी 0 ते 1 या मापात मोजतात आणि त्याला जलक्रियता म्हणतात. चांगले भाजलेले बिस्किट 0.3 च्या आसपास किंवा त्याहून खाली असते. फज आणि कॅरॅमल त्याच्या बरेच वर असतात. बंद पेटीत दोन्ही शेजारी ठेवले की जास्त जलक्रियतेच्या पदार्थातून ओलावा हवेत येतो आणि कमी जलक्रियतेच्या पदार्थात शिरतो, आणि दोहोंची पातळी जुळेपर्यंत हे चालू राहते. कप्प्यांचा पुठ्ठा त्याला अडवू शकत नाही. ब्रिटलचे दुखणे आणखी वेगळे. कडक पाकाची साखर काचेसारखी बिनस्फटिक असते आणि ती नुसत्या हवेतलाही ओलावा ओढून घेते, त्यामुळे थंड होताक्षणी ती हवाबंद करावी लागते. शॉर्टब्रेडला लागलेला वास लोण्यामुळे होता, कारण स्निग्ध पदार्थ भोवतालचे सुगंध झपाट्याने धरून ठेवतात.

सुरक्षिततेची बाजू

सादळलेले बिस्किट निराशा करते, अपाय करत नाही. या आखणीतले दोन बेत मात्र अपाय करू शकणारे होते आणि इथे मी भीड बाळगली नाही.

पहिला बेत लसणाच्या तेलाचा. लसूण जमिनीत वाढतो, त्याच्यावर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची सुप्त, चिवट रूपे, असू शकतात, आणि तेलात बुडवल्यावर त्याला हवा मिळत नाही. लसणात आम्लता कमी असते, पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका मोठा तितकी आम्लता कमी) 4.6 च्या वर, हवा नाही आणि तापमान खोलीचे, ही या जीवाणूला विष तयार करायला पूर्ण अनुकूल अशी स्थिती आहे. त्या विषाला रंग, वास किंवा चव नसते. घरी केलेले लसणाचे तेल फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवायचे असते, मग ते बाटलीत भरून, रिबीन बांधून, कोणाच्या तरी फडताळात आठवडेच्या आठवडे उभे राहील अशा तऱ्हेने द्यायचे कसे? अशा बाटल्या भेट देण्याची कल्पना फार लोकप्रिय आहे, म्हणूनच हे ठामपणे लिहिणे मला आवश्यक वाटते.

दुसरा बेत ट्रफलचा. ताजे क्रीम आणि चॉकलेट यांच्या मिश्रणात मोकळे पाणी भरपूर असते. बहुतेक रोगकारक जीवाणूंची वाढ जलक्रियता 0.85 च्या खाली गेल्यावर थांबते, बुरशी मात्र 0.6 च्या आसपासपर्यंत तग धरते. साध्या घरगुती ट्रफलचा आकडा 0.85 च्या खाली आहे याची खात्री स्वयंपाकघरात करता येत नाही, म्हणून ते फ्रिजमध्ये ठेवून थोड्याच दिवसांत खायचे असतात. चोवीस घरी फिरणारी, कोणाच्या तरी टेबलावर नाताळभर ठेवली जाणारी पेटी ही त्यांची जागा नव्हे.

यादी पुन्हा बारकाईने पाहिली तेव्हा आणखी गोष्टी पुढे आल्या. एका घरात आठ महिन्यांचे बाळ होते. एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये, कारण त्यातही त्याच जीवाणूचे बीजाणू असू शकतात आणि घरगुती भाजण्याच्या उष्णतेने ते मरतील याचा भरवसा नसतो. बाळाच्या हाती बिस्किटाचा तुकडा कोणीही प्रेमाने देईल, त्यामुळे मधाची आल्याची बिस्किटे तरी त्या घरी जाऊन चालणार नव्हती. दुसऱ्या एका घरातल्या मुलाला शेंगदाण्यांची आणि सुक्या मेव्याची तीव्र अॅलर्जी होती. ब्रिटल त्याच ओट्यावर, त्याच ट्रेमध्ये केल्यावर बाकीच्या कोणत्याही पदार्थाविषयी त्या आईला निःशंक शब्द देता आला नसता.

निवड कशी बदलली

पैशांचा हिशेब मांडल्यावर पेटीची उरलीसुरली बाजूही कोसळली. सहा पदार्थांना सहा वेगळ्या तऱ्हांचे साहित्य लागत होते. प्रत्येकाचे छोटे पुडे घ्यावे लागणार, त्यातले बरेच अर्धवट उरणार, आणि कप्प्यांच्या पेट्यांचा खर्च आतल्या खाऊच्या जवळपास जात होता. शिवाय सहा पदार्थ म्हणजे सहा वेळा भांडी घासणे, सहा वेळा मापे काढणे आणि प्रत्येक पदार्थाचा पहिला घाणा जमेपर्यंत होणारी नासधूस. विकतच्या भेटीपेक्षा ही घरगुती पेटी महाग पडली असती.

म्हणून प्रश्नच बदलला. पेटीत काय शोभेल हे बाजूला ठेवून, किमान दोन आठवडे काय टिकेल, एका दुपारी एका ओव्हनमधून मोठ्या प्रमाणात काय निघेल आणि त्याचे साहित्य एकदाच मोठ्या पुड्यांत घेता येईल का, हे आधी पाहायचे ठरले. नाताळाच्या जुन्या पदार्थांकडे पाहिले तर त्यांच्यात हाच विचार मुरलेला दिसतो. फ्रूटकेक, आल्याची कडक बिस्किटे, साखरेत मुरवलेल्या साली हे सगळे साखर, सुकी फळे आणि मसाले यांच्या जोरावर टिकणारे पदार्थ आहेत. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा स्टोलेन, म्हणजे सुकी फळे घातलेला नाताळचा गोड पाव, आजही भाजल्यावर लोण्याने माखून साखरेत घोळवतात, आणि या आवरणामुळे तो आठवडेच्या आठवडे मऊ राहतो. त्यात लोणी वापरण्याची मुभा मात्र ड्रेस्डेन ज्या प्रांतात आहे त्या सॅक्सनीच्या लोकांना 1491 मध्ये पोप आठवे इनोसंट यांच्या पत्राने मिळाली, कारण उपवासाच्या काळात लोणी वर्ज्य होते. फ्रूटकेकचा विचार गृहिणीनेही केला होता, पण तो मुरायला निदान महिना-दीड महिना द्यावा लागतो आणि तेवढा वेळ उरला नव्हता.

शेवटी चार गोष्टी ठरल्या. सर्वांसाठी शॉर्टब्रेड, जवळच्या सहा घरांसाठी त्यासोबत संत्र्याच्या साखरी साली, कुरियरने पाठवायच्या दोन घरांसाठी पेयासाठीचे कोकोचे कोरडे मिश्रण, आणि मधुमेह असलेल्या गृहस्थांसाठी शॉर्टब्रेडऐवजी भोपळ्याच्या व सूर्यफुलाच्या बिया, मीठ-तिखट लावून 150 अंश सेल्सिअसला पंधरा-वीस मिनिटे भाजलेल्या. शेंगदाणे आणि सुका मेवा त्या वर्षीच्या नाताळच्या कामात स्वयंपाकघरात आणायचाच नाही असे ठरल्यामुळे अॅलर्जीचा प्रश्न मुळापासून सुटला, आणि साहित्यातली एक महागडी बाबही गेली.

शॉर्टब्रेड

या पदार्थाचे प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे: वजनाने एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा, आणि लोणी बिनमिठाचे असेल तर चिमूटभर मीठ. 100 ग्रॅम साखर, 200 ग्रॅम लोणी आणि 300 ग्रॅम मैदा घेतला की 20 सेंटिमीटरच्या चौकोनी ट्रेमध्ये साधारण सव्वा सेंटिमीटर जाडीचा थर बसतो. त्याचे आठ गुणिले तीन असे चोवीस लांबट तुकडे पडतात आणि एका घराला आठ तुकडे धरले तर एका ट्रेमध्ये तीन घरे निघतात. तेवीस घरांसाठी आठ ट्रे लागले आणि एका घराचा वाटा घरच्यांसाठी उरला. म्हणजे 800 ग्रॅम साखर, 1 किलो 600 ग्रॅम लोणी आणि 2 किलो 400 ग्रॅम मैदा, एवढीच काय ती खरेदी. अंडे नाही, दूध नाही, बेकिंग पावडर नाही.

साहित्य इतके कमी असल्यामुळे प्रत्येक हालचालीचा परिणाम चवीत उतरतो. लोणी मऊ असावे, वितळलेले नसावे. बोटाने दाबल्यावर खळगा पडावा पण बोट तेलकट होऊ नये. साखर बारीक दळून घ्यावी. लोणी आणि साखर एकजीव झाली की मैदा घालून फक्त गोळा होईल इतकेच एकत्र करावे, कणकेसारखे मळू नये. लोण्यात 16 टक्क्यांपर्यंत पाणी असते आणि मळत राहिले की त्या पाण्याने मैद्यातले ग्लूटेन, म्हणजे कणकेला ताण देणारे प्रथिन, जागे होते. मग बिस्किट खुसखुशीत न होता चिवट होते. गृहिणीचा हात पोळ्यांच्या कणकेला सरावलेला, त्यामुळे पहिल्या ट्रेला ती जरा जास्तच मळत होती. सासूबाईंनी परात आपल्याकडे ओढली आणि मिश्रण मुठीत दाबून मिटेल एवढ्यावरच थांबल्या. आम्हाला हवे होते ते नेमके हेच. मिश्रण ट्रेमध्ये वाटीच्या तळाने सपाट दाबायचे, काट्याने खालपर्यंत टोचे मारायचे म्हणजे वाफ कोंडून फुगवटा येत नाही, आणि 150 ते 160 अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटे भाजायचे. रंग फिकट बदामी हवा. बाहेर काढल्यावर ते मऊच लागते आणि नवशिक्या माणसाला कच्चे वाटते, पण गार होताना ते घट्ट होते. तुकडे मात्र गरम असतानाच सुरीने पाडावे लागतात. गार झाल्यावर कापायला गेले की भुगा होतो.

ओव्हनमध्ये एका वेळी दोन ट्रे, वरच्या आणि खालच्या जाळीवर, असे चार घाणे काढायचे होते. पहिल्या घाण्यात वरच्या ट्रेच्या कडा तपकिरी झाल्या आणि खालच्याचा मध्यभाग पांढुरका राहिला. पुढच्या तिन्ही घाण्यांत निम्मा वेळ झाल्यावर ट्रेची अदलाबदल केली आणि मागची बाजू पुढे फिरवली, त्यानंतर रंग एकसारखा आला. पांढुरका ट्रे आणखी आठ-दहा मिनिटे भाजून सुधारला. तपकिरी कडांचे तुकडे कमी प्रतीचे नव्हते, मला तर तेच अधिक आवडले, पण भेटीत सर्वांना एकसारखे जावे असा गृहिणीचा आग्रह होता आणि तो मला रास्त वाटला.

इथे काटकसरीचा एक मोह आवरावा लागतो. खर्चात सर्वांत मोठा वाटा लोण्याचा होता, म्हणून त्याऐवजी मार्गारीन वापरावे असे एका जाऊबाईंनी फोनवर सुचवले. शॉर्टब्रेडची सगळी चव लोण्याची असते. ते बदलले तर उरते ते गोड, कोरडे पीठ. बचत करायची तर पदार्थांची संख्या, वेष्टन आणि नासधूस यांत करावी, पण जो एकच पदार्थ देणार त्याच्या प्राणात करू नये. सुदैवाने सासूबाईंनी हाच पक्ष घेतला आणि फोन ठेवताच चर्चा संपली.

संत्र्याच्या साली

हा या प्रकरणातला माझ्या दृष्टीने सर्वांत समाधानाचा भाग, कारण मुख्य घटक एरवी कचऱ्यात जाणारा. जाड सालीची डझनभर संत्री घरात खाल्ली गेली आणि साली राहिल्या. फळावर मेणाचा थर असू शकतो म्हणून संत्री सोलण्यापूर्वीच कोमट पाण्यात ब्रशने घासली होती. सालींच्या अर्ध्या सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून त्या गार पाण्यात घालून उकळी आणायची, पाणी फेकायचे, आणि असे तीनदा करायचे. यात सालीचा कडवटपणा जातो आणि ती मऊ होते. मग समान वजनाच्या साखर-पाण्याच्या पाकात मंद आचेवर, पट्ट्या आरपार दिसू लागेपर्यंत, तासभर तरी शिजवायच्या. साल आधी मऊ झालेली नसेल तर पाकात गेल्यावर ती कधीच मऊ होत नाही, कारण साखर तिला घट्ट करते. म्हणून तिसऱ्या उकळीला नखाने दाबून पाहणे फार महत्त्वाचे आहे.

पाक किती पुढे न्यायचा हे थर्मामीटरने पाहायचे की बोटाने, यावर सासू-सुनांत थोडी चर्चा झाली. दोघींचेही बरोबर होते. शेवटी पाक 106 ते 108 अंशांवर आणून थांबलो; बोटांत धरला तर तो पक्का एकतारीच्या पुढे गेलेला होता. इथेच थर्मामीटरची एक परीक्षा सांगून ठेवते, कारण कॅरॅमल किंवा फज करणाऱ्यांना ती जास्त लागेल. आधी नुसते पाणी खळखळून उकळून त्यात थर्मामीटर धरावा. समुद्रसपाटीपासून दर 300 मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण 1 अंशाने उतरतो, शिवाय उपकरणातही चूक असू शकते. पाणी 98 दाखवत असेल तर कृतीतल्या प्रत्येक आकड्यातून 2 वजा करावेत. फजचा गोळीबंद पाक 112 ते 116 अंशांत येतो आणि कॅरॅमलचा त्याहून घट्ट पाक 118 ते 120 अंशांत, तेव्हा दोन अंशांनी सगळा पदार्थ बदलतो.

निथळलेल्या पट्ट्या जाळीवर दीड दिवस वाळल्या, मग साखरेत घोळवल्या. उरलेला पाक टाकायचा नसतो. त्याला संत्र्याचा सुरेख वास असतो आणि चहात किंवा केकवर तो महिनाभर कामाला येतो. निम्म्या पट्ट्यांवर साखर लावली नाही, त्या अर्ध्यापर्यंत गडद चॉकलेटमध्ये बुडवल्या. खऱ्या चॉकलेटमध्ये कोकोचे लोणी असते आणि त्याचे स्फटिक योग्य जातीचे बनले तरच चकाकी व कुरकुरीतपणा येतो. यासाठी दोन तृतीयांश चॉकलेट 45 ते 50 अंशांपर्यंत वितळवायचे, उरलेले एक तृतीयांश बारीक चिरून त्यात ढवळत विरघळवायचे आणि मिश्रण 31-32 अंशांवर आले की बुडवायला सुरुवात करायची. पाण्याचा एक थेंब जरी पडला तरी चॉकलेट गुठळ्या होऊन बसते, म्हणून पट्ट्या हाताला कोरड्या लागेपर्यंत थांबलो. ज्यांच्याकडे थर्मामीटर नाही त्यांनी वनस्पती तेलाचे कंपाउंड चॉकलेट वापरावे. चव साधी असते, पण हे सोपस्कार लागत नाहीत. विकतच्या चॉकलेटच्या वेष्टनावर सुक्या मेव्याचा अंश असू शकतो अशी सूचना होती, त्यामुळे हे काम शॉर्टब्रेडच्या कामापासून वेगळ्या दिवशी, तोवर झालेले तुकडे हवाबंद झाल्यावर केले आणि अॅलर्जी असलेल्या घरी चॉकलेटचे काहीच गेले नाही.

वेष्टन, चिठ्ठी आणि वाटप

नुसती कागदी पिशवी दिसायला छान असते पण ओलावा अडवत नाही. म्हणून आत खाण्याच्या पदार्थांसाठीची घट्ट बंद होणारी पारदर्शक पिशवी आणि बाहेर साधा तपकिरी कागद व सुतळी, असे ठरले. शॉर्टब्रेड पूर्ण गार झाल्यावरच भरले. थोडे जरी कोमट असते तरी वाफेचे थेंब आतून पिशवीला लागून नमुना पेटीचीच गत झाली असती. साली स्वतंत्र पिशवीत गेल्या. नमुना पेटीने शिकवलेली ही एक गोष्ट कोणी विसरले नाही.

घरात साठलेल्या काचेच्या बरण्या कोकोच्या मिश्रणासाठी धुऊन घेतल्या. काचेला वास लागत नाही, झाकणाच्या आतल्या पट्टीला मात्र आधीच्या पदार्थाचा वास राहतो आणि कोको तो ओढून घेतो, म्हणून प्रत्येक झाकण हुंगून पाहिले आणि ज्यांना वास होता ती बाजूला काढली. धुतलेल्या बरण्या 110 अंशांच्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटे वाळवल्या, कारण आतल्या चार थेंबांनीही दुधाच्या पावडरीचे खडे होतात. मिश्रणाचे प्रमाण शॉर्टब्रेडसारखेच निघाले: 100 ग्रॅम कोको, 200 ग्रॅम पिठीसाखर, 300 ग्रॅम दूध पावडर आणि अर्धा लहान चमचा मीठ, सगळे दोनदा चाळून. एका कपाला 30 ते 35 ग्रॅम लागते. मैदा, साखर आणि चॉकलेटचे तुकडे एकावर एक रचलेली बिस्किट-मिश्रणाची बरणीही सुचवली गेली होती. ती वाईट कल्पना नाही, पण कच्चा मैदा जीवाणूमुक्त केलेला नसतो, तेव्हा अशा बरणीवर भाजल्याशिवाय चाखू नये असे स्पष्ट लिहावे लागते. दूरच्या घरी शॉर्टब्रेड का पाठवले नाही असे कोणी विचारेल. ते पाठवलेही, पण त्या दोन घरांसाठी तुकडे लांबट न पाडता चौकोनी पाडले, उभे रचून बटर पेपरच्या गुंडाळीत घट्ट बसवले आणि बरणी वेगळ्या खोक्यात ठेवली. लांबट तुकडा मध्ये मोडतो, चौकोनी तग धरतो.

चिठ्ठ्या मुलीने लिहिल्या. प्रत्येक चिठ्ठीवर पदार्थाचे नाव, त्यातले सर्व घटक, केल्याची तारीख, कधीपर्यंत खावे आणि कसे ठेवावे एवढे होते. गहू आणि दूध हे शब्द अधोरेखित केले होते. घरगुती भेटीवर असे लिहिणे काहींना कोरडे वाटते. मला ते आदराचे वाटते, कारण घेणाऱ्याला विचारण्याचा संकोच पडत नाही. अॅलर्जी असलेल्या मुलाच्या आईने तर दारातच चिठ्ठी वाचली आणि पिशवी तिथेच उघडून मुलाच्या हातात तुकडा दिला.

कामाची विभागणी पदार्थांच्या टिकाऊपणाप्रमाणे झाली. साली पहिल्या शनिवार-रविवारी, कारण त्या हवाबंद डब्यात महिनाभर राहतात. चॉकलेट आणि कोकोचे मिश्रण दुसऱ्या, आणि कुरियरच्या घरांचे शॉर्टब्रेड त्याच वेळी, म्हणजे ते नाताळापूर्वी पोहोचेल. उरलेले शॉर्टब्रेड आणि भाजलेल्या बिया तिसऱ्या. बियांमध्ये तेल असते आणि भाजल्यावर त्या लवकर खवट होऊ लागतात, म्हणून त्यांना सर्वांत शेवटी ठेवले.

हिशेब

सगळा खर्च कमी केलेल्या रकमेत बसला आणि थोडे पैसे उरले. त्यातला सर्वांत मोठा भाग लोण्याचा, त्याखालोखाल कुरियरचा आणि चॉकलेटचा होता. वेष्टन पहिल्या बेतात पदार्थांच्या बरोबरीने महाग होते, ते आता किरकोळ बाब झाले. तरीही या हिशेबात एक गोष्ट धरलेली नाही आणि ती लपवणे मला योग्य वाटत नाही: श्रम. दोन बायकांचे आणि एका मुलीचे तीन शनिवार-रविवार यात गेले. ज्या घरात सुट्टीचा दिवसही कमाईचा असतो किंवा एकटी बाई सगळे सांभाळते, तिथे हीच भेट स्वस्त ठरेलच असे नाही. अशा घराने साली आणि चॉकलेट सोडून फक्त शॉर्टब्रेड करावे. आठ ट्रे एका लांबलचक दुपारचे काम आहे, आणि दोन-दोन ट्रे एका वेळी भाजल्याने विजेचाही अपव्यय होत नाही.

वृद्ध गृहस्थांच्या बिया त्यांनी स्वतः मोजून खाल्ल्याचे त्यांच्या मुलीने कळवले. गोड नाही म्हणून वगळले गेल्याची भावना त्यांना झाली नाही, कारण त्यांची पिशवी इतरांसारखीच बांधलेली होती. चॉकलेटच्या सालींपैकी थोड्या पट्ट्यांवर दहा-बारा दिवसांत करडी झाक आली. त्या घरात त्या उन्हाच्या खिडकीजवळ राहिल्या होत्या. ही कोकोच्या लोण्याची झाक असते, खायला अपायकारक नसते, पण चिठ्ठीवर थंड व कोरड्या जागी ठेवावे याबरोबर उन्हापासून दूर हेही लिहायला हवे होते. पुढच्या नाताळासाठी चिठ्ठीत ते शब्द घालायचे ठरले आहे, आणि साली आता नोव्हेंबरपासूनच, संत्री खाल्ली जातील तशा, पट्ट्या कापून फ्रीझरमध्ये साठवायच्या आहेत, म्हणजे सहाऐवजी सगळ्या चोवीस घरांना पुरतील.